पंच्याखालचा सौदा

१९७४ च्या ऑगस्टमधला दुसरा रविवार. ठिकाण म्हसवड, सिदू वीरकरच्या घराची ओसरी. रक्कम सव्वा रुपया, इसार म्हणून दिलेली. हजर तिघे: विकणारा सिदू, त्याची बायको पारूबाई आणि मधला माणूस मी. घेणारा हजर नव्हता. तो मिरजेच्या हॉस्पिटलात होता, आणि आपण काय विकत घेतोय याची त्याला कल्पना नव्हती.

माल होता सिदूचा आवाज.

मी सांगलीच्या हळद बाजारात एका अडत दुकानाचा दिवाणजी आहे. अडत म्हणजे शेतकऱ्याचा माल त्याच्या वतीने विकून द्यायचा आणि ठरलेली टक्केवारी घ्यायची. दिवाणजी म्हणजे दुकानाचा हिशेब लिहिणारा. हंगामात दुकानासमोर हळदीचे ढीग लागतात. भोवती खरेदीदार उभे राहतात आणि मधे पुकाऱ्या असतो. तो भाव पुकारत पुकारत वर नेतो. खरेदीदार तोंडाने फारसे बोलत नाहीत. कुणी भुवई उचलतो, कुणी टोपी सरकवतो. ते टिपायचे, पुकारायचे, आणि शेवटी "एक वार, दोन वार, तीन वार" करून सौदा तोडायचा, म्हणजे पक्का करायचा. सिदू आमच्या ओळीचा पुकाऱ्या होता. त्याचा आवाज पलीकडच्या गुळाच्या बाजारात ऐकू जाई.

आम्ही दोघे एकाच साली पेठेत आलो. पहिली चार वर्षे एकाच खोलीत राहिलो, एकाच स्टोव्हवर भात केला. चारचौघांत तो मला "दिवाणजी, तुमी" म्हणतो. दोघेच असलो की "गड्या, तू."

हंगामाच्या शेवटी सगळ्या पेठेचे घसे बसतात. हळदीची धूळ नाकातोंडात जाते. त्यात पुकाऱ्याचा घसा तर बसायचाच. त्याचे कुणाला काही वाटत नाही. सिदूचा आवाज त्या वर्षी मार्चमध्येच फाटला. हमालांनी ज्येष्ठमध दिला. आमच्या शेठनी खडीसाखर दिली. पारूबाई रोज हळद घातलेले दूध द्यायच्या. हळदीने बसलेला घसा हळदीनेच सुटतो असा आमच्या पेठेचा ठाम समज. मी सोडून सगळे असे म्हणत होते, असे मी म्हणणार नाही. मीही म्हणत होतो.

पण एक गोष्ट जुळेना. दर साली सिदूचा आवाज बेंदराच्या आत परत येई. बेंदराला, बैलांच्या सणाला, तो म्हसवडला जाऊन बैलांपुढे ओरडत नाचे, त्यासाठी त्याला तो लागे. त्या वर्षी बेंदूर झाला आणि सिदू न ओरडता परत आला. शिवाय, चहा गिळताना तो मान एका बाजूला कलती करू लागला.

"सिदू, मिरजेला जाऊ," मी म्हटले.

"कशापायी? धूळ हाय, जाईल."

"धूळ जूनमध्येच बसली. तुझा घसा का नाही सुटला?"

"तुला सगळ्यात हिशेब दिसतुया, गड्या."

तरी आला. डॉक्टरांनी आरसा घालून घसा पाहिला, तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि आठवड्याने आम्हाला बोलावले. सिदूला बाकावर बसवून मला एकट्याला आत घेतले. त्या काळी रोग्यासमोर त्या रोगाचे नाव घेत नसत. डॉक्टर पन्नाशीचे, कमी बोलणारे. म्हणाले, "कॅन्सर आहे. स्वरयंत्रात आहे, म्हणजे आवाज जिथून निघतो तिथे. अजून बाहेर पसरलेला दिसत नाही. स्वरयंत्र पूर्ण काढावे लागेल."

"मग बोलणार कसा?"

"बोलणार नाही. गळ्याला इथे एक भोक राहील, त्यातून श्वास घेईल. खाणे-पिणे तोंडाने होईल. बाकी माणूस जसाच्या तसा."

"आणि वाचेल?"

"पाच वर्षे स्वच्छ गेली तर सुटला म्हणायला आम्ही तयार असतो. ऑपरेशन केले तर तशी चांगली आशा आहे. नाही केले तर श्वासच अडकेल. उशीर करू नका."

मी बाहेर आलो. सिदू बाकावर नव्हता. फाटकाशी उभा होता.

"नाव सांगू नगं," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "तुला एकट्याला आत घेतलं तवाच कळलं. कापाय लागंल का, तेवढं सांग."

मी डॉक्टरांचे म्हणणे सांगितले. तो सांगलीत बसमधून उतरताना म्हणाला, "बरं." दुसऱ्या दिवशी त्याच्या खोलीला कुलूप. बायकोला घेऊन तो म्हसवडला निघून गेला होता.

मी शेठकडे गेलो.

"शेठ, मला म्हसवडला जायचेय."

"रविवारी जा. सोमवारी सकाळी पेढीवर पाहिजे."

"त्याला घेऊन यायचेय."

"तो यायचा नाही, दिवाणजी. पुकाऱ्याला गळा काढून दे म्हणताय. मला कुणी म्हटले, शेठ, तुमची तिजोरी काढून घेतो, बाकी माणूस जसाच्या तसा, तर मी येईन काय?" मग जरा थांबून म्हणाले, "एसटीचे भाडे दुकानातून घ्या."

सकाळच्या पहिल्या गाडीने निघालो. विटा, आटपाडी, दिघंची करत म्हसवडला पोचेपर्यंत दुपार कलली. सिदू ओसरीवर बसून दावे वळत होता. पायाशी पिवळा कुत्रा. पारूबाईंनी मला पाहिले आणि पदर तोंडाशी धरला.

"आलायसा, बरं झालं भाऊजी. चार दिस झालं, नीट जेवत न्हाईत. मला म्हणत्यात, पारू, तू आता बोलायची सवय कर, मी ऐकायची करतो. आसलं इनोद कोण करतं का?"

"पारे, पानी दे त्यास्नी," सिदू म्हणाला. आवाज आता कुजबुजीइतका उरला होता.

मी पाणी प्यालो. डॉक्टरांचे सगळे म्हणणे त्याला माहीत होते. मी विचारले, "ठरवलेस काय?"

"ठरवायचं काय त्यात? मी पुकाऱ्या हाय. गळा काढला तर मी कोण? पोती उचलायचं वय ऱ्हायलं न्हाई. लिवायवाचाया येत न्हाई, फकस्त आकडं येत्यात." त्याने कुत्र्याकडे बोट केले. "ह्याला हाक कशी मारू? लांब गेला तर?"

कुत्र्याचा मी विचारच केला नव्हता.

मग मी एक गोष्ट केली. ती कशी सुचली ते सांगता येत नाही. सवयीने सुचली असावी. मी खांद्यावरचा पंचा काढला आणि हात त्याच्यापुढे केला.

इथे वाचकांना सांगायला हवे. उघडा पुकारा सुरू होण्यापूर्वी आमच्या बाजारात हत्ता चाले. अडत्या आणि खरेदीदार एकमेकांचा हात धरत, वर कापड टाकत, आणि कापडाखाली बोटे दाबून भाव करत. एक बोट धरले तर एक, दोन धरली तर दोन, अख्खा पंजा धरला तर पाच. शेकडा की दहा, ते मनगट दाबून सांगायचे. शेजारी उभ्या माणसाला भाव कळत नसे, आणि कळू नये हाच हेतू. यात शेतकरी फसतो म्हणून पुढे ते कायद्याने बंद झाले, ते योग्यच झाले. पण मी आणि सिदू ज्या साली पेठेत आलो तेव्हा हत्ता चालू होता. दोघांनी तोच आधी शिकला.

सिदूने पंच्याकडे पाहिले आणि बऱ्याच दिवसांनी त्याच्या मिशा हलल्या.

"माल कसला?"

"तुझा आवाज."

"घेणार कोण?"

"डॉक्टर. मी मधला."

"भाव कशात?"

"वर्षांत. किती वर्षे पाहिजेत बोल. तुझी लेक कमल, तिचे लग्न धरून बोल."

त्याने हात पुढे केला. मी पंचा टाकला. पारूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

त्याने दोन बोटे धरली. म्हणजे लेकीचे लग्न, बस. मी त्याचा पंजा दोनदा दाबला: दहा. त्याने मान हलवली, आणि तीन. मी आठ. त्याने हात सोडून दिला. हत्त्यात असे करतात. भाव पटला नाही तर हात सोडायचा आणि निघाल्यासारखे करायचे. तो कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवत बसला. मी पंचा तसाच धरून ठेवला. मधल्याचे काम तेवढेच असते, कापड खाली पडू द्यायचे नाही.

थोड्या वेळाने हात परत आत आला. या वेळी मीच आधी धरले: अख्खा पंजा. डॉक्टरांचा आकडा. मी दाबला नाही, नुसता धरला.

त्याने माझा पंजा उलटा धरला, तेवढाच. पाच. मग जोरात दाबला.

"पक्का," तो म्हणाला.

मी खिशातून सव्वा रुपया काढला. सौदा पक्का झाल्याची खूण म्हणून घेणारा आगाऊ काही देतो, तो इसार. घेणाऱ्याच्या वतीने मी दिला. सिदूने तो पारूबाईंच्या हातावर ठेवला.

"किती ठरलं?" त्या म्हणाल्या.

"आगं, हत्त्यातला भाव बाहीर सांगत्यात व्हय?"

"माज्या नवऱ्याचा गळा इकतायसा आन मलाच भाव सांगंनासा!" त्या रडत होत्या आणि चुलीकडे जाता जाता मला म्हणाल्या, "भाकरी करते. दोगंबी खाऊन जावा."

शेवटच्या गाडीने आम्ही निघालो. कुत्रा दिघंचीच्या रस्त्याला बराच वेळ पळत आला.

ऑपरेशन त्याच आठवड्यात झाले. मी बाहेर बसलो होतो. पारूबाईंनी विचारले, "आत काय चाललंय आसंल?" मी म्हटले, "माल ताब्यात देतायत." त्या हसल्या नाहीत. मलाही नंतर ते बोलल्याचे बरे वाटले नाही.

तिसऱ्या दिवशी मला भेटायला सोडले. गळ्याला पट्टी, मधे नळी, नळीतून श्वासाचा घर्रघर्र आवाज. सिस्टर चांगल्या होत्या. त्यांनी उशाशी पाटी-पेन्सिल ठेवली होती. म्हणाल्या, "हे काही लिहीतच नाहीत. रागावलेत का?"

"त्याला लिहिता येत नाही, सिस्टर."

सिदूने चादरीखालून माझा हात ओढला. बोटे अशक्त होती. त्याने मनगट दाबून चार धरले. मग तीन. मग पाच. चारशे पस्तीस. मला काही समजेना. खाटेचा नंबर तो नव्हता. औषधाचे बिलही तेवढे नव्हते. त्याने पुन्हा दाबले, चिडून. मग लक्षात आले. हंगामात त्याने पुकारलेला शेवटचा भाव तो, क्विंटलला. आज काय चाललाय ते विचारत होता.

ऑगस्टमध्ये आवक नसते, माल थोडाच निघतो. तरी भाव मला माहीत होता. मी चादरीखाली सांगितला. त्याने डोळे मिटले आणि तोंड वाकडे केले. भाव पडला होता, ते त्याला आवडले नाही.

मी वॉर्डातून बाहेर आलो आणि पारूबाईंना सांगितले, "वहिनी, काळजी नको. तो बाजारभाव विचारतोय." या वेळी मात्र त्या हसल्या.

दिवाळीपर्यंत जखम भरली. डॉक्टरांनी आतला सगळा रोग निघाल्याचे सांगितले. दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचे. धुळीत जायचे असेल तर गळ्यावर ओले मलमल बांधायचे आणि फक्त सकाळचा अर्धा दिवस. तेवढी परवानगी मी मागून घेतली होती. फेब्रुवारीत नवा हंगाम लागणार होता.

शेठ म्हणाले, "मुका पुकाऱ्या? दिवाणजी, पेठ हसेल."

"हसू देत. तो खुणा टिपेल, माझ्या हातात आकडा देईल, मी पुकारतो."

"तुम्ही?" शेठनी चष्मा काढला. "तुम्ही मला हाक मारता ती पुढच्या खोलीत ऐकू येत नाही."

"एक ढीग द्या. भाव कमी आला तर बंद."

"एकच," शेठ म्हणाले.

पहिल्या मंगळवारी आम्ही दोघे ढिगाजवळ उभे राहिलो. सिदूच्या गळ्याला ओले मलमल, डोक्याला नवा पटका. तो भोवतालच्या चेहऱ्यांवर नजर फिरवत होता, नेहमीसारखीच. त्याचा हात माझ्या हातात होता, आणि सवयीने मी वर पंचा टाकला होता. त्याने दाबले, मी ओरडलो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

माधवनगरचे एक जुने खरेदीदार होते. ते म्हणाले, "दिवाणजी, पुकारताय का पोथी वाचताय?"

सगळे हसले. मी पुढचा आकडा आणखी मोठ्याने पुकारला आणि मधेच ठसका लागला. आणखी हसले. सिदूचा हात माझ्या हातात थंड पडत चाललेला मला कळत होता. तो आकडे देत होता, पण उशिरा.

तेवढ्यात बाजार समितीचे इन्स्पेक्टर आले. नवीन होते, कडक होते.

"हे काय चाललेय? हत्ता बंद आहे, माहीत नाही? कापडाखाली सौदा?"

"साहेब, पुकारा उघडाच चाललाय. हा फक्त..."

"आधी कापड काढा."

त्यांचे बरोबर होते. नियम तसाच होता आणि मी तो जाणून होतो. मी पंचा काढला. आता काय करायचे ते मला सुचत नव्हते. शेठ पेढीवरून मान लांब करून बघत होते.

सिदूने माझा हात सोडला. मग त्याने आपला उजवा हात सगळ्यांच्या डोक्यांवर उंच केला आणि चालू असलेला भाव बोटांनी दाखवला. शेकडा, दहा, एक. स्वच्छ, सावकाश. मग भोवती एक फेरी घेऊन सगळ्यांना दाखवला. माधवनगरवाल्यांनी भुवई उचलली. सिदूने एक बोट वाढवले. पलीकडून टोपी सरकली. आणखी एक. हात असा झपाझप चालू लागला की खरेदीदार माझ्याकडे बघायचेच विसरले. त्यातल्या निम्म्या लोकांचे केस हत्त्यात पांढरे झाले होते. त्यांना ही भाषा शिकवायची गरज नव्हती. फक्त ती कापडाखालून बाहेर आली होती.

भाव थांबला. आता "एक वार, दोन वार" करणार कोण? मी तोंड उघडले. सिदूने दोन्ही हातांनी टाळी वाजवली. एकदा. दुसऱ्यांदा. आणि तिसरी अशी, की पेढीवरचे पारवे उडाले.

"लय भारी रं, सिदा!" मागून एक हमाल ओरडला.

इन्स्पेक्टरांनी माझ्या हातातल्या पंच्याकडे पाहिले. मग म्हणाले, "नियमात भाव मोठ्याने पुकारावा असे आहे."

"मी पुकारतोय ना, साहेब," मी म्हणालो.

"जरा ऐकू येईल असे पुकारा." आणि ते पुढच्या ओळीत गेले.

भाव कमी आला नव्हता. शेठनी दुसरा ढीग दिला, मग तिसरा. तिसऱ्या ढिगापासून मी नियमापुरताच उरलो. मला ते बरे वाटले. अजूनही सकाळी मी त्याच्या शेजारी उभा राहून आकडे म्हणतो. कुणी ऐकत नाही. कमलचे लग्न पुढच्या वर्षी झाले. त्यातही पाहुण्यांना पंगतीला बसवायचे काम सिदूने टाळ्या वाजवून केले. कुत्रा टाळीला येतो.

तीन महिन्यांच्या फेऱ्या पुढे सहा महिन्यांच्या झाल्या. प्रत्येक फेरीच्या आदल्या दिवशी सिदू जेवत नसे आणि माझ्या वहीतली रोकड जुळत नसे. या ऑगस्टमध्ये, १९७९ साली, पाच वर्षे पुरी झाली. डॉक्टरांचे केस आता पांढरे झालेत. त्यांनी आरसा घालून पाहिले, मान चाचपली, आणि या वेळी सिदूला बाहेर न बसवता त्याच्यासमोरच सांगितले. "वीरकर, सुटलात. आता त्रास झाला तरच या."

आम्ही तिघे हॉस्पिटलच्या आवारातल्या लिंबाखाली बसलो. मग सिदूने माझ्या खांद्यावरचा पंचा ओढला, माझा हात धरला आणि वर टाकला. पाच वर्षांपूर्वीचा सौदा पुरा झाला असे तो आता सांगेल असे मला वाटले. त्याने माझा पंजा धरला. सोडला. पुन्हा धरला. दहा.

नवीन सौदा. मी घासाघीस केली नाही.

"आता तरी सांगा, किती ठरलं हुतं त्या दिशी?" पारूबाई म्हणाल्या.

सिदूने मान हलवली, परवानगी म्हणून. मी सांगितले, "पाच."

त्या बोटांवर काहीतरी मोजत राहिल्या. मग कमरेची पिशवी सोडून त्यातून एक गाठ बांधलेली चिंधी काढली. जुना सव्वा रुपया तिच्यात तसाच होता.

"ह्यो मोडला न्हाई मी. सौदा पुरा हुईस्तोवर इसार मोडू ने म्हनून."

यातून शिकण्यासारखे थोडेच आहे. हंगाम संपून महिना झाला आणि आवाज परत आला नाही, तर हळद-दूध बंद करून डॉक्टर गाठावा. आमच्या पेठेत आता एवढे सगळे पाळतात.

त्या दिवसाचा खर्च: केस पेपरचे दोन रुपये, हॉस्पिटलच्या खिडकीवर, सिदूने स्वतः भरले. नव्या सौद्याचा इसार सव्वा रुपया, पारूबाईंना, मी दिला. अडत कुणी घेतली नाही.